एक एमजी, एक मल्टिव्हॅन आणि आल्प्समधले घाट

माझा मावसभाऊ, आमचा दादा, स्वित्झर्लंडमध्ये राहतो आणि त्याच्याकडे एमजी या ब्रिटिश कंपनीची 1969 सालची एमजीबी रोडस्टर आहे. दोन सीटची, उघडणाऱ्या टपाची, गडद हिरवी. आमचं जायचं ठरल्यावर त्याने आईला फोन केला. "मावशी, घाट करू या. पण सगळे माझ्या गाडीत मावणार नाही हं." आई, मी, नवरा, तेरा वर्षांची लेक, आठ वर्षांचा मुलगा, शिवाय दादा आणि वहिनी. मग आम्ही एक फोक्सवॅगन मल्टिव्हॅन भाड्याने घेतली: नवी, डिझेल, सात सुट्या सीटांची, दोन्ही बाजूंना आपोआप सरकणारे दरवाजे असलेली.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना नवरा म्हणाला, "आता खरी गाडी कोणती ते कळेल." दादाने फक्त भुवई उचलली. दोघंही आपापल्या गाडीची वकिली करणार हे दिसतच होतं, म्हणून मी आधीच सांगून टाकलं की मी दोन्ही चालवणार आणि सीटांची अदलाबदल रोज होणार. दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे परकेपणा तरी सारखाच होता.

पहिला दिवस : ल्युझर्नहून सुस्टेन घाटाने इनर्टकिर्शेन

शेजारी उभ्या केल्यावर दोघी एकाच रस्त्यासाठी बनल्या आहेत यावर विश्वास बसेना. एमजी 3.89 मीटर लांब आणि 1.52 मीटर रुंद. व्हॅन जवळपास 4.97 मीटर लांब, आणि आरसे न धरता 1.94 मीटर रुंद. एमजीचं वजन एक टनाच्या आत, व्हॅनचं माणसं बसायच्या आधीच दोन टनांच्या वर.

सामान भरताना पहिला निकाल लागला. एमजीच्या डिकीत स्टेपनी आडवी पडलेली असते. तिच्या आजूबाजूला जे उरतं त्यात एक मऊ पिशवी आणि दोन रेनकोट मावले. बाकी सगळं व्हॅनमध्ये. सगळं म्हणजे एमजीचा जास्तीचा फॅनबेल्ट, प्लग, पाने आणि इंजिन ऑइलचा कॅनसुद्धा. "मोकळं फिरायची गाडी म्हणता आणि तिचं बिऱ्हाड आमच्याकडे," नवऱ्याने टोमणा मारला. दादाने ऐकलं नाही असं दाखवलं. पण मुद्दा बरोबर होता. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या सफरीची जी छायाचित्रं आपण बघतो, त्यांतल्या निम्म्यांच्या मागे तरी सामान घेऊन येणारी अशी एखादी गाडी असणार, चौकटीबाहेर.

एमजी चालू करणं हा छोटासा विधी आहे. किल्ली फिरवली की मागून टिकटिक ऐकू येते. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप कार्ब्युरेटर भरत असतो. टिकटिक मंदावली की चोक ओढायचा आणि मग स्टार्टर. इंजिन उठलं की ऑइलच्या दाबाचा काटा वर चढला ना ते बघायचं, आणि चोक हळूहळू आत ढकलत राहायचं. व्हॅनमध्ये बटण दाबलं आणि दरवाजा सरकून बंद होईपर्यंत इंजिन चालू झालेलंही होतं.

ल्युझर्नहून दक्षिणेकडे मोटरवे धरला. पहिला टप्पा मी दादाच्या शेजारी बसले. मोटरवेवर 120 ची मर्यादा आहे आणि एमजी 120 ने जातेही, पण त्या वेगाला गप्पा मारता येत नाहीत. चौथ्या गिअरवर इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या वर फिरत असतं. दादाने ओव्हरड्राइव्हचा खटका ओढला तेव्हा काटा 3500 च्या खाली उतरला आणि कानांना जरा उसंत मिळाली. गिअरबॉक्सला जोडलेली ही जास्तीची जोडणी तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर चालते. तिच्याविना आजच्या मोटरवेवर ही गाडी चालवणं म्हणजे शिक्षाच. शेजारून ट्रक जातो तेव्हा त्याच्या चाकाचे नट आपल्या डोळ्यांच्या रेषेत असतात. पुढे सीलिसबेर्ग बोगदा लागला, 1980 साली खुला झालेला, नऊ किलोमीटरांहून लांब. टप उघडा होता. त्या बोगद्याबद्दल आवाज आणि धूर यांपलीकडे मला काही सांगता येणार नाही.

मागून येणाऱ्या व्हॅनमध्ये त्याच वेळी आई मुलांना तिच्या शाळेतल्या एका बाईंची नक्कल करून दाखवत होती. मुलं हसून लोळत होती. हे मला वासेनला थांबल्यावर कळलं. मोटरवेवर व्हॅन जिंकली, आणि तेही थोड्याथोडक्या फरकाने नाही.

वासेनला मोटरवे सोडला की सुस्टेन सुरू होतो. आल्प्समधले बरेच घाट मुळात खेचरांचे आणि घोडागाड्यांचे रस्ते. नंतर ते रुंद केले गेले. सुस्टेन मात्र 1938 ते 1945 या काळात मोटारींसाठीच बांधला आणि 1946 मध्ये खुला झाला. चालवताना ते जाणवतं. वळणं मोठी आहेत, आत शिरल्यावर अचानक आवळत नाहीत. इथे मी एमजीचं चाक हातात घेतलं.

पॉवर स्टिअरिंग नाही. गाडी उभी असताना चाक फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागतो, पण वीसच्या पुढे ते हलकं होतं आणि रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळतो. कागदावर इंजिन 95 हॉर्सपॉवरचं, टॉर्क जेमतेम 149 न्यूटन मीटर. व्हॅनचे आकडे 150 आणि 360. म्हणजे ओढ कुणाची जास्त हा प्रश्नच नाही. पण मर्यादा 80 ची, वळणांवर खरा वेग चाळीस ते साठ, आणि त्या पट्ट्यात एमजी जे काही करू शकते ते सगळं करायला लावते. दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. माझ्या मते जुन्या स्पोर्ट्‌स कारची खरी गंमत या हिशेबात आहे: तिची ताकद आणि रस्त्याची मर्यादा यांचं माप जुळतं. आजची तीनशे हॉर्सपॉवरची स्पोर्ट्‌स कार याच रस्त्यावर कायदा पाळून चालवली तर तिचा दोन तृतीयांश भाग नुसता झोपून असतो.

माथ्यावरचा छोटा बोगदा 2224 मीटरवर आहे. पलीकडे श्टाइन हिमनदी दिसते तिथे थांबलो. एमजी चालूच होती. आई व्हॅनमधून उतरली, गाडीजवळ आली आणि म्हणाली, "हा आवाज आपल्या अँबॅसिडरसारखा नाही का वाटत?"

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण आईचं बरोबर होतं. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजमधलं, आणि त्याच सीरिजचं 1489 सीसीचं इंजिन अँबॅसिडरला बसवलं गेलं होतं. इंग्लंडमध्ये ते घरगुती सलून गाड्यांत असायचं. एमजीबीसाठी तेच मोठं करून, दोन कार्ब्युरेटर लावून स्पोर्ट्‌स कारमध्ये घातलं. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्या अशा साध्या, मिळत्याजुळत्या भागांमुळेच परवडल्या.

"म्हणजे ही आतून फॅमिली कारच," नवरा.

"आणि तुमची ती आतून गोल्फ आहे, दाजी," दादा. हेही खरं. 2021 मध्ये आलेली ही मल्टिव्हॅन फोक्सवॅगनच्या एमक्यूबी सांगाड्यावर बनते, ज्यावर गोल्फ ही हॅचबॅक आणि गोल्फ जीटीआयही बनते. एका गाडीत सलूनचं इंजिन, दुसरीत हॅचबॅकचा सांगाडा. जात बघायला गेलो तर दोघीही फसवतात.

दुसरा दिवस : ग्रिम्सेल आणि फुर्का, मुक्काम आंडरमाट

सकाळी निघण्यापूर्वी दादाने डिपस्टिक काढून पुसली, ऑइल बघितलं, रेडिएटरचं पाणी बघितलं, चाकांच्या मधल्या नटावर हात फिरवला. तारांची चाकं आहेत, एकाच मोठ्या नटाने बसणारी. हे तो रोज करतो. नवऱ्याने व्हॅनचं बॉनेट कुतूहलाने उघडलं, प्लास्टिकचं झाकण बघितलं आणि परत लावून टाकलं.

ग्रिम्सेल चढताना मी व्हॅन चालवली. धरणांचे तलाव एकामागून एक लागतात, दुधट हिरव्या पाण्याचे. मला ते दिसले, आणि त्याचं श्रेय व्हॅनला. उंच बसणं, मोठी काच, गिअर स्वतःच बदलणारे. हाताला काम थोडं, त्यामुळे डोळे मोकळे. मागे बसलेल्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत नाही. घाटात व्हॅन चालवणं कंटाळवाणं होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, पण मजा चालवण्यात नव्हती. मजा आईच्या प्रश्नांत होती, तलावांत होती, आणि वहिनीने लावलेल्या गाण्यांत.

मात्र व्हॅनचा कच्चा दुवाही याच चढावर समजला. लेक सगळ्यात मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसली होती. अर्ध्या चढावर ती पांढरी पडली. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण वळतोय, डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, आणि पोट त्या भांडणात सापडतं. मागच्या चाकांच्या जवळ बसलं की गाडीचं डोलणंही जास्त जाणवतं. माथ्यावर टोटेनझे तलावाशी तिला उतरवलं, वारा लागू दिला आणि एमजीत दादाशेजारी बसवलं. पुढचा रस्ता समोर दिसतोय, थंड हवा तोंडावर येतेय. ग्लेचला पोचेपर्यंत ती दादाला ओव्हरड्राइव्हचा खटका कधी ओढायचा ते सांगायला लागली होती.

मग साहजिकच मुलाने हट्ट धरला. दादा मुलांना सहसा नाही म्हणत नाही, पण इथे ठाम राहिला. मुलाला बूस्टर सीट लागते. शिवाय एमजीत एअरबॅग नाही, डोक्यामागे आधार नाही, दरवाजा म्हणजे पातळ पत्रा. मल्टिव्हॅनला 2022 मध्ये युरो एनकॅपचे, म्हणजे युरोपातल्या धडक-चाचणीचे, पाच तारे मिळाले आहेत. "तू त्यात बस. यात धडक आपल्या बरगड्यांनीच घ्यायची असते," असं त्याने पोराला सरळ सांगितलं. लेकीच्या बाबतीतही त्याने माझ्याकडे बघून, मी मान हलवल्यावरच तिला घेतलं होतं. सुरक्षेच्या प्रश्नात दोन गाड्यांची तुलना करण्याचं नाटकही करू नये असं मला वाटतं. तिथे दोन बाजू नाहीतच.

ग्लेचला उभं राहिलं की एका बाजूला ग्रिम्सेलची वळणं आणि समोर फुर्काची दिसतात. एकोणिसाव्या शतकात ऱ्होन हिमनदी इथे दरीच्या तळापर्यंत यायची. आता ती वर, डोळ्यांआड सरकली आहे. फुर्का मी एमजीने केला, 2429 मीटर.

या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाव हिश्शाने विरळ असते. कार्ब्युरेटरला ते पूर्ण उमगत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, मिश्रण घट्ट होतं, सायलेन्सरमागे पेट्रोलचा वास रेंगाळतो आणि दुसऱ्या गिअरवर गाडी जिथे ओढायची तिथे पहिला मागते. एमजीबीवरचे एसयू कार्ब्युरेटर त्यातल्या त्यात शहाणे. त्यांच्यातला पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वरखाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोल कमीजास्त करते. त्यामुळे गाडी कुरकुरत का होईना, चढते. व्हॅनचा टर्बो विरळ हवा दाबून आत भरतो आणि संगणक डिझेल मोजून देतो. नवऱ्याला माथ्यावर विचारलं, "इंजिनाला दम लागला का?" तो म्हणाला, "चढ होता का?"

बेल्व्हेडेअर हॉटेलच्या प्रसिद्ध वळणावर सगळे उतरले. हॉटेल बंद आहे, खिडक्यांना फळ्या. मागे हिमनदीच्या काठाला उन्हाळ्यात बर्फ वितळू नये म्हणून पांढरी कापडं पांघरलेली असतात. आई बराच वेळ ती बघत उभी होती. मी मात्र खरं सांगायचं तर तिथवर हिमनदीकडे एकदाही बघितलं नव्हतं. उघड्या गाडीत चहूबाजूंनी डोंगर असताना मला दिसत होतं ते फक्त पुढचं वळण, त्याच्या आतल्या कडेला साचलेली वाळू, तापमानाचा काटा. उघड्या गाडीतून निसर्ग दिसतो तो शेजारच्याला. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. या सगळ्या तुलनेत मला सापडलेला खरा फरक हाच: गाडी तुमचं लक्ष घेते की तुम्हाला परत देते. एमजी सगळं घेते. शेजारी वहिनी होती आणि घाट संपेपर्यंत आम्ही धड एक वाक्य बोललो नाही, पण मला एकटं वाटलं नाही. व्हॅन लक्ष परत देते आणि मग ते आतल्या माणसांकडे जातं. कोणती गाडी चांगली हे त्या दिवशी गाडीत कोण आहे यावर ठरतं.

फुर्काच्या पूर्वेकडच्या उतारावर रस्ता अरुंद होतो आणि कडेला नुसते दगडी खुंट आहेत. तिथे वळणाआडून पोस्टबसचा, म्हणजे स्विस टपाल खात्याच्या प्रवासी बसचा, तीन सुरांचा भोंगा वाजला. हे सूर रॉसिनीच्या विल्यम टेल ऑपेराच्या सुरावटीतले आहेत. अशा डोंगरी पोस्टरस्त्यांवर बसला आधी वाट द्यायची आणि तिचा ड्रायव्हर सांगेल तसं मागेपुढे व्हायचं असा नियम आहे. मी एमजी कडेला सरकवली, बस गेली, झालं. मागे नवऱ्याला मात्र मागच्या रुंद जागेपर्यंत व्हॅन उलटी न्यावी लागली. कॅमेरे होते, सेन्सर होते, तरी आईने डोळे मिटून घेतले होते म्हणे. आंडरमाटला पोचल्यावर त्याने पहिल्यांदा एमजीकडे जरा आदराने बघितलं.

तिसरा दिवस : त्रेमोला, मग पावसात नुफेनेन

गॉटहार्डखालून 1980 पासून जवळपास सतरा किलोमीटरांचा बोगदा जातो, त्यामुळे वरच्या 2106 मीटरच्या खिंडीत आता गरज म्हणून कुणी येत नाही. दक्षिणेकडे उतरणारा जुना रस्ता म्हणजे त्रेमोला. एकोणिसाव्या शतकातल्या घोडागाड्यांच्या मार्गाचा, ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांनी फरसबंदी केलेला, चोवीस वळणांचा.

माथ्यावर आई म्हणाली, "आता मी बसते त्याच्यात."

एमजीची सीट जमिनीपासून वीतभर. आधी पाठमोरं होऊन बसायचं, मग पाय आत घ्यायचे. हे आईला जमलं. बाहेर निघताना दादाने एक हात आणि मी दुसरा धरला. व्हॅनचा दरवाजा सरकतो, पाऊल टाकलं की आत, सीट खुर्चीच्या उंचीची. घरात गुडघेदुखी असलेलं माणूस असेल तर निर्णय इथेच होतो, पुढचं वाचायची गरज नाही.

मी व्हॅन घेऊन मागे होते, त्यामुळे मला ते सगळं दिसलं. एमजीच्या मागच्या बाजूला अखंड अॅक्सल आणि पाटे आहेत, घोडागाडीपासून ट्रकपर्यंत चालत आलेली व्यवस्था. दगडांवर गाडीचं मागचं टोक टुणटुण उडत होतं आणि आईचा स्कार्फ त्याच तालात. मात्र वळणांवर गाडी जागच्या जागी फिरावी तशी फिरत होती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एमजीत 2.31 मीटर, व्हॅनमध्ये 3.12. जिथे दादा एका झोकात वळत होता तिथे मला रस्त्याची पूर्ण रुंदी लागत होती, आणि समोरून कुणी येत नाही ना हे आधी दोन वळणं खाली डोकावून बघावं लागत होतं. आराम मात्र आमच्याकडे. मुलगा मागे चित्र काढत होता आणि रेघ फारशी हलत नव्हती.

उतारावर ब्रेक हा वेगळा विषय. दादाच्या गाडीला ब्रेकबूस्टर नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि पायात जेवढा जोर तेवढा ब्रेक. म्हणून तो दुसऱ्या गिअरवर उतरतो, इंजिनलाच गाडी धरून ठेवू देतो, आणि ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडून देतो. सतत दाबून ठेवला तर ड्रम तापतात, ब्रेकचं तेल उकळतं आणि पायाखालचं पेडल मऊ होत जातं. व्हॅनचे ब्रेक कितीतरी मोठे आहेत, पण वजनही दुपटीहून जास्त, तेव्हा मीही गिअर हाताने खालचा लावून ठेवला. या बाबतीत जुनी गाडी शिकवते ते नव्या गाडीत उपयोगी पडतं. उलटं होत नाही.

आयरोलोला आई उतरली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. "छान आहे," ती म्हणाली. "पण बसायला अँबॅसिडर बरी होती." दादा तेव्हापासून संध्याकाळपर्यंत अँबॅसिडरवर काही बोलला नाही.

दुपारी ढग खाली आले. आयरोलो ते नुफेनेनचा माथा म्हणजे साधारण 1300 मीटरांची चढण. 2478 मीटरवरचा हा स्वित्झर्लंडच्या हद्दीत पूर्णपणे असलेला सगळ्यात उंच डांबरी घाट, आणि तो वाहतुकीला खुला झाला 1969 मध्येच. दादाला हे माहीत होतं आणि तो वर्षभर या जोडीचं कौतुक सांगत होता. प्रत्यक्षात झालं असं, की पहिले थेंब पडले, आम्ही टप चढवला (आधी दांड्या उभ्या करायच्या, मग कापड ताणायचं, मग एकेक टिचबटण दाबायचं, आणि तोवर बाह्या भिजतात), आणि मी म्हटलं, "मी चालवते, तू दमलायस." तो व्हॅनमध्ये मधल्या रांगेत बसला, सीट मागे केली आणि माथा कधी आला ते त्याला कळलंच नाही. आपल्या गाडीच्या वयाचा घाट त्याने दुसऱ्याच गाडीत झोपून काढला.

एमजीत आम्ही दोघी. टप चढवला की आतलं जग एकदम लहान होतं. मागची प्लास्टिकची काच धूसर, बाजूच्या काचांवर वाफ, वायपर आपल्या गतीने इकडून तिकडे. हीटर चालू केला तर पायांना ऊब येते आणि काचेला थोडी. वहिनी रुमालाने काच पुसत होती आणि मी त्या पुसलेल्या तुकड्यातून बघत होते. चाकं अरुंद, एबीएस नाही, गाडी घसरायला लागली तर सावरणारं कुणी नाही, म्हणून वेग तीस-चाळीस. वहिनी एरवी गाडीबद्दल फारसं बोलत नाही. त्या चढावर म्हणाली, "मला ही आवडते गं. पण उन्हात. आणि तासभर." एमजीबद्दल इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

उलरिशेनला पोचलो तेव्हा व्हॅनमधली मंडळी कधीच येऊन कपडे बदलून बसली होती. दादा ताजातवाना दिसत होता. नवऱ्याने त्याला विचारलं, "सीट कशी वाटली?" दादा म्हणाला, "गाडी पुसायला फडकं दे."

चौथा दिवस : परत ल्युझर्न

परत ग्रिम्सेल, या वेळी उलट्या बाजूने आणि निळ्या आकाशाखाली, मग मायरिंगेनवरून ब्र्यूनिग. हा जेमतेम हजार मीटरचा घाट, गर्दीचा. ट्रकांच्या मागे दोन्ही गाड्या सारख्याच. त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

पंपावर दोन्ही टाक्या भरून हिशेब केला. एमजीला शंभर किलोमीटरला साडेदहा लिटर पेट्रोल लागलं, व्हॅनला आठ लिटर डिझेल. एकीत दोन माणसं, दुसरीत पाच आणि सगळ्यांचं सामान. माणशी काढलं तर एमजी तिपटीहून महाग. दादाने हा हिशेब आधीही केलेला असणार, कारण त्याने लगेच दुसरा काढला. स्वित्झर्लंडमध्ये तीस वर्षांवरची मूळ रूपातली, चांगली राखलेली गाडी 'वेटरन' म्हणून नोंदवता येते. मग तिची सरकारी तपासणी सहा वर्षांतून एकदा होते, पण ती वर्षाला थोडेच किलोमीटर चालवायची असते. म्हणजे रोजच्या खर्चाच्या तराजूत ती मुळात येतच नाही.

टिकण्याबद्दल त्याचं म्हणणं मला जास्त पटलं. एमजीबीचा अख्खा पत्र्याचा सांगाडा 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज नव्याने बनवून विकते, मूळ साच्यांवर. पिस्टनपासून टिचबटणापर्यंत सगळं मिळतं आणि बहुतेक काम घरच्या गॅरेजमध्ये पान्याने होतं. व्हॅनमधल्या दरवाजाची मोटर, पडदा, रडार, या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर पन्नास वर्षांनी कोण देणार? नवऱ्याचं उत्तर तयार होतं: "पन्नास वर्षांनी नको. उद्या सकाळी सात माणसांना विमानतळावर सोडायचंय, ते कोण करणार?" दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून वाद चांगला रंगला.

मला विचाराल तर रोजची गाडी म्हणून मी डोळे मिटून व्हॅन घेईन, आणि फुर्कासारखा एखादा घाट एमजीशिवाय परत करणार नाही. दोन्ही परवडत नसतील तर व्हॅन घ्यावी आणि एमजीवाला भाऊ शोधावा.

ल्युझर्नला आधी भाड्याची गाडी परत केली. तिथल्या माणसाने चारी बाजूंनी फिरून बघितली, ओरखडा नाही. किल्ली त्याच्या हातात दिली आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आता सात माणसं, सहा बॅगा आणि दोन सीटची गाडी एवढंच उरलंय. लेक काही बोलायच्या आत दादाशेजारी जाऊन बसली, पट्टा लावला आणि हात हलवला. आम्ही बाकीचे फॅनबेल्ट आणि ऑइलच्या कॅनसकट बॅगा ओढत बसथांब्याकडे निघालो. "पुढच्या वेळी," आई नवऱ्याला म्हणाली, "ती व्हॅन एक दिवस जास्त घ्या."